मुंबईचा प्लेग : न जुळलेल्या हातांची कहाणी

मुंबईत धोबीतलावला मेट्रो चित्रपटगृहासमोर एक पुतळा उभा आहे. वाहनांच्या वर्दळीत तो सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. तो आहे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा. गोव्यातील बार्देस तालुक्यातल्या हडफडे गावी १८५६ साली जन्मलेला हा आपला धर्मबंधू मुंबईत वैद्यक शिकला, मुंबईतच गोरगरिबांचा डॉक्टर झाला आणि पुढे १९०६ साली मुंबई महापालिकेच्या अध्यक्षपदी बसला. तेथून निघून गिरगाव, माझगाव, बांद्रे अशा जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून फेरफटका मारला, तर गल्लीच्या तोंडाशी, विहिरीच्या काठी, घरांच्या ओळीत मध्येच उभे असलेले क्रूस दिसतात. त्यांतील कित्येकांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची वा विसाव्या शतकाच्या आरंभीची साले कोरलेली आहेत. ते प्लेगच्या काळचे क्रूस होत. कोणी ‘आम्हांला वाचव’ म्हणून उभारले, कोणी ‘वाचवलेस’ म्हणून.

हा पुतळा आणि हे क्रूस एकाच आपत्तीची स्मारके आहेत. एका डॉक्टरने शासनाला काय सांगितले, त्याची आठवण पुतळा देतो. भयभीत माणसांनी परमेश्वराकडे काय मागितले, त्याची आठवण क्रूस देतात. या दोहोंच्या मधली जागा मात्र रिकामी राहिली. डॉक्टरचे ज्ञान, लोकांची श्रद्धा आणि सोसण्याची ताकद यांना एकत्र गुंफणारी जी शासनव्यवस्था हवी होती, ती त्या काळी उभी राहू शकली नाही. ती का राहिली नाही, याचा शोध घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत. हा विषय केवळ इतिहासाचा नाही, हे वाचकांच्या ध्यानी येईलच.

गाठीचा ताप

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ पसरली होती. त्याच वर्षी येर्सिन आणि कितासातो या संशोधकांनी या रोगाच्या जंतूचा शोध लावला होता. हाँगकाँग आणि मुंबई यांच्यामध्ये जहाजांची नित्य ये-जा होती. तेव्हा रोग मुंबईच्या धक्क्यावर उतरणे अशक्य नव्हते. तरीही त्याची चाहूल घेण्याची कोणतीही तयारी शहरात झालेली नव्हती.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना काही रुग्ण आढळले. प्रचंड ताप, जांघेत वा काखेत गाठ आणि दोन-चार दिवसांत मृत्यू. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला धान्याच्या वखारींचा भाग. खाली वखार, वर दाटीवाटीने राहणारी माणसे, मध्ये तुंबलेली गटारे. डॉक्टरांनी रोगाचे निदान केले आणि महापालिकेच्या स्थायी समितीचे सभासद या नात्याने ते उघडपणे सांगितले. ‘प्लेग’ हा शब्द उच्चारायलाच आरंभी अधिकारी कचरत होते. कारणही उघड होते. हा शब्द जगभर गेला की मुंबईच्या जहाजांना परकीय बंदरे बंद होणार, कापूस धक्क्यावर पडून राहणार, व्यापार बसणार. अखेर तज्ज्ञांकडून निदानाची खात्री करून घेण्यात आली. वाल्देमार हाफकिन हे जंतुशास्त्रज्ञ ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका ओवरीत त्यांनी लस तयार करण्याचे काम सुरू केले. १० जानेवारी १८९७ रोजी ती लस त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

म्हणजे पहा : साथ सुरू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत निदान होते, तज्ज्ञ होते आणि लसही होती. तरीही या रोगाने पुढील दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेतला. रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते, हे खरे. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने ते १८९८ साली कराचीत दाखवून दिले आणि त्याला सर्वमान्यता मिळण्यास आणखी दहा वर्षे गेली. पण सगळा दोष अज्ञानावर टाकता येणार नाही. जेवढे ठाऊक होते, तेवढेही नीट अमलात आले नाही.

एक शहर, अनेक कारभारी

तेव्हाच्या मुंबईचा कारभार कोण पाहत होते? १८८८ च्या कायद्याने गटारे, पाणी, झाडलोट आणि आरोग्य महापालिकेकडे होते. मात्र तिचा आयुक्त सरकारने नेमलेला असे. पोलीस सरकारचे. बंदर पोर्ट ट्रस्टचे. रेल्वे दोन खासगी कंपन्यांच्या. गिरण्या मालकांच्या. शिवाय माहीमच्या खाडीअलीकडे मुंबई महापालिका, तर खाडीपलीकडचे बांद्रे ठाणे जिल्ह्यात; त्याची नगरपालिका वेगळी, कलेक्टर वेगळा. आमची वसईही त्याच ठाणे जिल्ह्यात होती. रोगाला यांतील एकही हद्द ठाऊक नव्हती.

महापालिकेने आपल्या परीने धडाका लावला. गटारे पाण्याच्या लोटांनी धुतली, कार्बोलिक ओतले, घरांना चुना फासला, कौले काढून उजेड आत घेतला. आज आपण असे म्हणू शकतो की, या धुलाईने बिळांतून बाहेर पडलेले उंदीर शेजारच्या गल्लीत गेले आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. ऑक्टोबर १८९६ मध्ये आयुक्त स्नो यांनी रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम काढला. पण हलवणार कोठे? आर्थर रोडवरचे साथीच्या रोगांचे इस्पितळ, ज्याला आज आपण कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखतो, ते लोकांच्या दृष्टीने मरणाचे दार होते. ‘तेथे गेलेला परत येत नाही’ अशी वदंता शहरभर पसरली. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने इस्पितळावर हल्ला केला आणि हुकूम सैल करावा लागला.

हुकूम सैल करण्यामागे आणखी एक कारण होते, ते आम्हांला विशेष बोलके वाटते. शहरातले भंगी आणि झाडूवाले भयाने पळून गेले तर मुंबई राहण्यायोग्यच उरणार नाही, ही धास्ती आयुक्तांना होती. ज्यांना समाजाने शतकानुशतके शिवू दिले नाही, त्यांच्याच हातांवर या राजेशाही शहराचे प्राण अवलंबून होते! आपत्ती आली म्हणजे समाजाचा खरा पाया कोणता, ते असे उघडे पडते.

मग लोकच पळाले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारे चार लाख, म्हणजे जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले, असा अंदाज आहे. आगगाड्या भरभरून चालल्या, आगबोटी कोकणात माणसे उतरवू लागल्या. महापालिका रोग शहरात शोधत होती आणि रोग तिकीट काढून पुणे, सुरत, ठाण्याच्या दिशेने निघाला होता. माणसे मिळेनात म्हणून गिरणीमालक रोजच्या रोज रोकडा देऊन एकमेकांचे कामगार पळवू लागले. एका हाताने जे बांधावे, ते दुसऱ्या हाताने सुटत होते. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ साली ७,७६,००६ वर आली. वाढत्या शहराची संख्या दहा वर्षांत घटावी, ही त्या काळाची साक्ष आहे.

एकाच मुठीत सत्ता

आता सरकारला जाग आली. ती मुंबईच्या चाळींतील आक्रोशाने आली, असे म्हणणे धाडसाचे होईल. युरोपातील राष्ट्रे प्लेगचा विचार करण्यासाठी व्हेनिस येथे परिषद भरवीत होती आणि हिंदुस्थानचा व्यापार अडण्याचा धोका होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. अवघ्या काही कलमांचा हा कायदा. साथ रोखण्यासाठी सरकारला योग्य वाटेल ती उपाययोजना करता येईल, मोडणाऱ्यास शिक्षा होईल आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही, एवढाच त्याचा मथितार्थ.

मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमली गेली. महापालिका आयुक्त, एक डॉक्टर, एक अभियंता आणि वर लष्करी सेनानी. ‘आता सगळी सूत्रे एका हाती आली’ असे सरकारला वाटले असणार. कामाचा वेग वाढला, हेही नाकारता येत नाही. पण त्या समितीत निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या सभेला स्थान नव्हते. ज्या डॉक्टरने प्रथम रोग ओळखला, त्यालाही नव्हते.

पुण्यात याच विचाराचा अधिक कठोर अवतार दिसला. प्लेग अधिकारी रँड यांच्या हाताखाली मार्च ते मे १८९७ या काळात सैनिकांनी घरे तपासली. देवघरात आणि माजघरात बूट घालून शिरणे, बायकांची उघड्यावर तपासणी, सामान जाळणे, आप्तांना छावणीत नेणे या गोष्टींनी शहर धुमसू लागले. त्याच पुण्यात लोकमान्य टिळक हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालवीत होते. त्याच पुण्याबाहेर सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत होत्या. एका आजारी मुलाला पाठीवर वाहून आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सेवेला तयार असलेले हात पुण्यात कमी नव्हते. त्यांना सोबत घ्यावे, असे मात्र सत्तेला वाटले नाही.

पंडिता रमाबाई यांचे नावही येथे घेतले पाहिजे. त्या स्वतः ख्रिस्ती होत्या आणि पुष्कळ इंग्रज मिशनरी त्यांचे हितचिंतक होते. तरीही पुण्यातील प्लेग इस्पितळात स्त्रियांच्या रक्षणाची हेळसांड होते, असे पत्र त्यांनी मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात प्रसिद्ध केले. त्याचे पडसाद इंग्लंडच्या संसदेत उमटले. सरकारने तो आरोप नाकारला. ‘आपले राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, तेव्हा गप्प बसावे’ असा विचार या बाईच्या मनाला शिवला नाही. आम्हां ख्रिस्ती लोकांना हा वारसा पुरेसा आठवतो काय, असा प्रश्न मनात येतो.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्यांच्यासोबत लेफ्टनंट आयर्स्ट हेही बळी पडले. फाशी झाली, टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हिंसेचे समर्थन आम्ही करणार नाही. पण आरोग्याच्या मोहिमेची अखेर बंदुकीत आणि फासावर व्हावी, हे त्या मोहिमेच्या अपयशाचे सर्वांत ठळक प्रमाण नव्हे काय? पुढल्याच वर्षी, ९ मार्च १८९८ रोजी, मुंबईतही रिपन रोडच्या परिसरात एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली आणि शहरात रक्त सांडले.

मुंबई आणि पुणे येथील अनुभवांचे सार आम्हांला असे दिसते. आरंभी अनेक हात होते. ते एकमेकांना ठाऊक नव्हते. नंतर एकच मूठ झाली. तिला लोक ठाऊक नव्हते. सत्ता एकवटणे म्हणजे समन्वय नव्हे.

दुष्काळाची संहिता आणि प्लेगचा कायदा

ज्या वर्षी प्लेग आला, त्याच १८९६ साली पाऊस हुकला आणि दख्खनमध्ये दुष्काळ पडला. १८९९-१९०० मध्ये त्याहून भीषण दुष्काळ आला. एकाच प्रांतावर दोन संकटे एकाच वेळी कोसळली. त्या दोहोंशी सरकार कसे लढले, याची तुलना उद्बोधक आहे.

दुष्काळासाठी ‘दुष्काळ संहिता’ होती. १८७६-७८ च्या महाभयंकर दुष्काळानंतर आयोग बसला आणि १८८० च्या दशकात या संहिता तयार झाल्या. पाऊस किती हुकला म्हणजे कोणी कोणाला कळवावे, कलेक्टरने काय करावे, बांधकाम खात्याने कोणती कामे तयार ठेवावीत, मजुरी कशी ठरवावी, ज्यांना काम करता येत नाही त्यांना काय द्यावे, हे सारे आधीच लिहून ठेवलेले होते. मजुरी तुटपुंजी होती, अंमल कंजूष होता, माणसे तरीही मेली. संहितेची स्तुती करण्याचा आमचा हेतू नाही. पण तिच्यात एक तत्त्व होते : संकट येण्याआधी प्रत्येकाचे कर्तव्य ठरलेले असावे.

प्लेगच्या कायद्यात नेमके हेच नव्हते. कायद्याने अधिकाऱ्यांना अधिकार दिले. कर्तव्ये वाटून दिली नाहीत. घरातून बाहेर काढलेल्या कुटुंबाने खावे काय, जाळलेल्या सामानाची भरपाई कोण देणार, कमावता माणूस छावणीत असता त्याच्या मुलांकडे कोण पाहणार, याविषयी तो मूक होता.

शिवाय ही दोन खाती एकमेकांकडे पाहतच नव्हती. दुष्काळाच्या वर्षी धान्य आगगाडीने दूरवर जात होते. धान्य जाते तेथे उंदीर जातो, हे तर खेड्यातली आजीही सांगू शकली असती. पण धान्याचा हिशेब एका दप्तरात आणि मृत्यूचा दुसऱ्या दप्तरात. मांडवीच्या वखारींपासून सुरू झालेल्या रोगाचा धान्याच्या वाटेशी काही संबंध असेल, हे दोन दप्तरे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कळणार कसे?

दुष्काळ संहितेतील त्या तत्त्वाला स्वतंत्र महाराष्ट्राने माणुसकीची जोड दिली. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर राबवली गेली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. मजुराने मागितले तर काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. महसूल, बांधकाम, पाटबंधारे, शेती अशी खाती एका कलेक्टरच्या समन्वयाखाली आली आणि मजूर हा भिक्षेकरी न राहता हक्कदार झाला. समन्वय म्हणजे काय, याचे हे आपल्याच मातीतले उदाहरण आहे.

उशिरा आलेले शहाणपण

प्लेगच्या बाबतीतही शहाणपण आले, पण उशिरा. गॅटॅकर यांच्यानंतर मुंबईच्या समितीची धुरा सर जेम्स कॅम्बेल यांच्याकडे गेली. मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर ज्यांनी संपादित केले, तेच हे कॅम्बेल. गावोगावच्या जातीजमाती, त्यांचे रीतिरिवाज, आमच्या ठाणे जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजसुद्धा, यांची माहिती वर्षानुवर्षे गोळा केलेला हा माणूस होता. त्यांच्या काळात समाजातील पुढाऱ्यांना सोबत घेऊन काम करण्यावर अधिक भर आला. पारशी, हिंदू, जैन, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांची इस्पितळे उभी राहिली. आपल्या माणसांच्या हातचे पाणी मिळते म्हटल्यावर रुग्ण लपवण्याचे प्रमाण घटले. १८९८ साली नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगानेही सक्तीच्या मार्गाविषयी सावध मत दिले आणि हळूहळू लस टोचून घेणे ऐच्छिक राहिले. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. पोर्तुगीज अमदानीत जेथे ख्रिस्ती मठ आणि प्रार्थनामंदिर होते, तीच ही वास्तू. तिला आज आपण हाफकिन संस्था म्हणतो.

पण या वाटेवरही खाचखळगे होते. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि तो दूर व्हायला पाच वर्षे लागली. दरम्यान लोकांचा लशीवरील विश्वास डळमळला. विश्वास मिळवायला वर्षे लागतात, तो गमवायला एक दुपार पुरते.

घरांच्या प्रश्नासाठी १८९८ साली मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते त्याने काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. हेतू चांगला होता. परंतु गरिबांची खोली जितक्या त्वरेने पाडली गेली, तितक्या त्वरेने नवी बांधली गेली नाही. पाडलेल्या चाळीतले कुटुंब शेजारच्या चाळीत घुसले आणि दाटी एका गल्लीतून दुसरीत सरकली. महापालिका एकीकडे, न्यास दुसरीकडे अशी ओढाताण कित्येक वर्षे चालली. अखेर १९३३ साली न्यास महापालिकेत विलीन झाला.

सव्वाशे वर्षांनंतर

हा सारा इतिहास झाला, असे म्हणून पुस्तक मिटता आले असते तर बरे झाले असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबादच्या परिसरात भूकंप झाला. पुढल्या वर्षी बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. भूकंपाच्या भयाने सोडून दिलेल्या घरांतील धान्यावर उंदीर माजले, असे अनुमान तेव्हा मांडण्यात आले. म्हणजे पुनर्वसनाचे दप्तर आणि आरोग्याचे दप्तर पुन्हा वेगवेगळे! लगोलग सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली, पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि काही लाख लोकांनी, त्यांत डॉक्टरही होते, शहर सोडले. जणू १८९७ चीच आगगाडी पुन्हा निघाली होती. मात्र पुढे १९९५ साली तेथे आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी त्याच महापालिकेतील त्याच माणसांकडून शहर स्वच्छ करून घेतले. अधिकार विभागांकडे वाटून दिले आणि अधिकाऱ्यांनी रोज सकाळी खुर्ची सोडून रस्त्यावर यावे असा शिरस्ता घातला. म्हणजे समन्वय ही केवळ कागदावरची कल्पना नाही. तो साधता येतो.

मग २०२० साल आले. मार्चमध्ये महाराष्ट्रात करोनाविरुद्ध जो कायदा लागू झाला, तो १८९७ चाच होता. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली, मध्यरात्रीपासून अमलात आली. आरोग्य खात्याला जे योग्य वाटले, त्याचा मजूर खात्याशी, रेल्वेशी, शिधावाटपाशी मेळ बसला नव्हता. परप्रांतीय मजुरांची नोंद ठेवण्याचा कायदा १९७९ पासून होता. नोंद मात्र बहुतांशी नव्हती. म्हणून माणसे रस्त्याने आणि रुळांवरून चालत निघाली. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. मुंबईतल्या धारावीत मात्र त्याच महापालिकेने स्थानिक खासगी डॉक्टर, स्वयंसेवी संस्था आणि वस्तीतले कार्यकर्ते यांना हाताशी धरले. शाळा आणि क्रीडासंकुले विलगीकरणासाठी वापरली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी त्या कामाचा गौरवाने उल्लेख केला.

शासनाकडे बोट दाखवताना आमच्याकडेही काही बोटे वळतात, हे कबूल केले पाहिजे. त्या दिवसांत आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथील तरुणांनी स्थानकाजवळच्या वस्तीत जेवण वाटायला सुरुवात केली. काही दिवसांनी कळले की, त्याच वस्तीत एक देवस्थान आणि एक राजकीय पक्षही त्याच वेळी खिचडी वाटत होते. अन्न उकिरड्यावर जात होते. तेथून दोन कोसांवर वीटभट्टीवरची आदिवासी कुटुंबे चार दिवस जवळजवळ उपाशी होती. त्यांच्याकडे शिधापत्रिका नव्हत्या आणि कोणत्याही दप्तरात त्यांची नावे नव्हती. आम्ही कोणाला विचारले नव्हते, आम्हांला कोणी सांगितले नव्हते. दया होती, नियोजन नव्हते. मग आम्ही तिघे एकत्र बसलो, तलाठ्यांना बोलावले, एक यादी केली. ती यादी पहिल्याच दिवशी झाली असती तर? हा प्रश्न अजूनही मिस्सेच्या वेळी कधीकधी आमच्या मनात उभा राहतो.

उतारशाळेचा मालक

पवित्र शास्त्रात योसेफाची कथा आहे. फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगून तो थांबला नाही. सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा धान्य नगरोनगरी साठवावे, त्यावर अधिकारी नेमावेत, अशी योजना त्याने सांगितली. स्वप्न देवाकडून आले होते. कोठारे माणसांना बांधावी लागली. त्याच योसेफाच्या कारभारात पुढे प्रजेने धान्यासाठी आपली जमीन आणि स्वातंत्र्यही गमावले, हेही शास्त्र लपवून ठेवत नाही. सत्तेच्या एका मुठीचा धोका तेथेही आहे.

म्हणूनच ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत दोन गोष्टी एकत्र येतात. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली, म्हणजे मुंबईच्या प्लेगच्या पाच वर्षे आधी, दुर्बलांचे रक्षण हे राज्याचे विशेष कर्तव्य आहे असे बजावले. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली त्याला दुसरी बाजू जोडली : जे काम कुटुंब, गाव, लहान संस्था नीट करू शकतात, ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये, त्यांना साहाय्य करावे. गॅटॅकर आणि रँड यांना पहिली गोष्ट अर्धीमुर्धी कळली होती, दुसरी मुळीच नव्हती.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर आम्ही आजवर कितीतरी प्रवचने केली. शोमरोन्याच्या करुणेवर बोललो, याजकाच्या निष्ठुरतेवर बोललो. उतारशाळेच्या मालकावर मात्र क्वचितच बोललो. त्या रस्त्यावर उतारशाळा नसती, मालकाने दार उघडले नसते, दोन दीनारांचा हिशेब आणि ‘परत येईन तेव्हा अधिक देईन’ हा करार झाला नसता, तर जखमी माणूस शोमरोन्याच्या गाढवावरच दगावला असता. करुणेला ठावठिकाणा लागतो. तो ठावठिकाणा संकटाच्या दिवशी बांधून होत नाही.

तेव्हा आमचे वाचकांना एवढेच सांगणे आहे. आपल्या ग्रामसभेत, प्रभागात, जिल्हा परिषदेत जे बसतात, त्यांना पुढचे संकट येण्याआधी विचारा : पूर आला, साथ आली, काम बंद पडले, तर कोणते खाते काय करील, ते कोठे लिहून ठेवले आहे काय? आणि त्या यादीत वीटभट्टीवरची माणसे आहेत काय? आपल्या धर्मग्राम मंडळातही हाच प्रश्न विचारा. डॉ. व्हिएगस यांनी १८९६ साली सभागृहात उभे राहून अप्रिय सत्य सांगितले. ते ऐकणारे हात एकमेकांत गुंफले गेले नाहीत, म्हणून गल्लोगल्ली क्रूस उभे करण्याची पाळी आली. त्या क्रुसांपुढे मेणबत्ती लावताना आपण मृतांसाठी प्रार्थना करतोच. जिवंतांसाठी एक यादी करणे, हाही त्या प्रार्थनेचाच भाग मानावा.